दोन विनोद, एक माफी

पत्र थोडक्यात : तापीकाठच्या एका गावातला २७ वर्षांचा तरुण. दिवसा कृषी सेवा केंद्रावर कामाला, सुटीच्या दिवशी दोन मित्रांबरोबर अहिराणीत विनोदी व्हिडिओ करतो. दिवाळीनंतर टाकलेल्या व्हिडिओतले दोन प्रसंग खूप फिरले. पहिल्यात वऱ्हाडाचं ट्रॅक्टर खड्ड्यात अडकतं आणि वऱ्हाडी मंडळी खांबावरच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरला नारळ फोडून साकडं घालतात. दुसऱ्यात सातपुड्यातून कापूस वेचायला आलेली पावरा आदिवासी बाई (साडी नेसलेला मित्र) तोडकंमोडकं मराठी बोलते, काट्यावर आकडे चुकवते आणि आठ किलोचे सहा धरले तरी खूश होऊन निघून जाते. आता त्या पुढाऱ्याची, पत्रातल्या 'आप्पां'ची, माणसं घरी येऊन गेली आहेत. रविवारपर्यंत ऑफिसात ये, कान धरून मोबाईलसमोर माफी माग, नाहीतर आदिवासींचा अपमान केला म्हणून केस करायला लावू, असा निरोप आहे. वडील म्हणतात, "कान धरल्याने कान तुटत नाही." मित्र म्हणतात, एकदा माफी मागितली की चॅनेल संपलं. ताज्या कलमात एवढंच आहे : आयटीआयला बरोबर असलेल्या पावरा मित्राचा मेसेज आला, "माझी आई तुमच्याच शिवारात वेचणीला येते. भाच्याने तिला व्हिडिओ दाखवला. ती काही बोलली नाही." मग तो ग्रुपमधून बाहेर पडला. पत्रलेखक विचारतात, "आमचा उद्देश वाईट नव्हता. आमच्या अहिराणीवर पुण्या-मुंबईचे लोक हसतातच, आम्ही कुणाला माफी मागायला लावली का? मग आम्ही माफी मागावी की नको?"

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आप्पांची माणसं, रविवारची मुदत, वडिलांची उडालेली झोप, मित्रांचे सल्ले यांनी ते भरलेलं आहे. आयटीआयच्या मित्राचा मेसेज मात्र सहीच्या खाली आलाय, तीन ओळींत. मला वाटतं, तुम्ही लिहायला बसलात ते त्या तीन ओळींमुळेच. आप्पांच्या माणसांची भीती तुम्ही घरात सांगितली, मित्रांत सांगितली. मित्राची आई काही बोलली नाही, ही गोष्ट तुम्ही अजून कुणापाशी काढलेली दिसत नाही.

"माफी मागावी की नको" या प्रश्नात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे : व्हिडिओ एक, म्हणून माफीही एकच. पण त्या व्हिडिओत विनोद दोन आहेत. एकात तुम्ही रस्ता न करता बॅनर लावणाऱ्या माणसावर हसलात. दुसऱ्यात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईवर हसलात. आप्पांच्या माणसांना हे दोन्ही एकत्र बांधलेलं हवं आहे. राग त्यांना खड्ड्याचा आलाय आणि हातात काठी घेतलीये ती पावरा समाजाच्या नावाची. ही गाठ आधी सोडवूया.

आप्पांच्या विनोदाबद्दल माझं मत सरळ आहे : त्याची माफी मागू नका. रस्ता सार्वजनिक, बॅनर सार्वजनिक, सत्तेची खुर्चीही सार्वजनिक. आपल्याकडच्या तमाशातला सोंगाड्या पाटलाची टिंगल पाटलाच्या समोर करत आला आहे. एकदा व्हिडिओ पुन्हा बघा. आप्पांच्या बायको-मुलांवर, जातीवर, शरीरावर एखादी ओळ असेल तर ती काढा, कारण तिचा रस्त्याशी संबंध नाही. तशी नसेल तर काढण्यासारखं काही नाही.

अशा माफ्यांचा इतिहास मला आठवतो. जानेवारी २०१६ मध्ये किकू शारदा या विनोदी नटाला टीव्हीवर डेरा सच्चा सौदाचे बाबा गुरमीत राम रहीम यांची नक्कल केली म्हणून अटक झाली. अनुयायांच्या भावना दुखावल्याची तक्रार होती. त्याने माफी मागितली, तरी कोर्टापुढे उभं राहून जामीन घ्यावा लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच बाबाला दोन शिष्यांवरच्या बलात्काराबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या माफीने कुणाचं दुखणं बरं झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तुमचे मित्र कुणाल कामरा या विनोदी कलाकाराचं उदाहरण देतात. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरच्या त्याच्या गाण्यावरून मुंबईत खारमधल्या हॅबिटॅट या कार्यक्रमाच्या जागेची तोडफोड झाली आणि तो माफी मागणार नाही म्हणाला. ते खरं आहे. पण मित्रांना हेही सांगा, की तोडफोड झाली ती त्याच्या घराची नव्हे, ज्याने कार्यक्रमाला जागा दिली त्याची. आणि त्याच्या मागे वकील होते, मद्रास उच्च न्यायालयातून त्याला अंतरिम अटकपूर्व जामीन मिळाला. तुमचं घर त्याच गावात आहे, वडिलांचं रोजचं उठणं-बसणं त्याच लोकांत आहे. दुरून तुम्हाला शूर व्हायला सांगणं मला शोभणार नाही. तेव्हा नाही म्हणायचं कसं, तेवढं सांगते.

आप्पांच्या ऑफिसात एकटे जाऊ नका. निरोप, मेसेज, फोनच्या वेळा लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढून तिसऱ्या माणसाकडे द्या. गावातल्या दोन वजनदार माणसांना, सरपंच असोत की तुमचे जुने शिक्षक, बरोबर घेऊन एकदाच तोंडी सांगा : रस्त्यावरचा विनोद रस्त्यावर आहे, आप्पांशी आमचं वैर नाही, कान धरून व्हिडिओ करणार नाही. आवाज चढवू नका. मग पोलीस ठाण्यात धमकीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जाने लगेच काही होतं असं नाही, पण पुढे काही घडलंच तर त्या पोचेवरची तारीख कामाला येते.

एवढं करूनही एखाद्या रात्री दहा माणसं दारात उभी राहिली आणि आईकडे बघून तुम्ही ते शब्द बोलून मोकळे झालात, तर स्वतःला खाऊ नका. जबरदस्तीने वदवून घेतलेल्या शब्दांना मी माफी म्हणत नाही. कान धरायला लावून त्याचं चित्रण फिरवणं ही शिक्षा आहे, आणि ती द्यायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही.

आता दुसरा विनोद. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले आहात, कापसाचा काटा तुम्ही पाहिलाय. सकाळी दव असतं तेव्हापासून बायका ओळीत लागतात. कमरेच्या फडक्यात कापूस भरत जातो, वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना लागत राहतात. दिवस कलला की बांधाजवळ गाठोडी येतात, एकेक काट्याला लागतं. आकडा वाचतो शेतकरी किंवा त्याचा मुलगा, वहीत लिहितोही तोच. चादरीचं म्हणून थोडं वजन वजा होतं, किती ते तोच ठरवतो. मजुरी किलोवर, हिशेब बहुतेकदा बाजाराच्या दिवशी. त्या बाईकडे ना वही असते, ना आकडा पुन्हा वाचून बघायची सोय. सगळा कारभार विश्वासावर.

मग मला सांगा, आठाचे सहा कोण करतं? तुमच्या व्हिडिओत ते तिच्या डोक्यात होतात आणि ती हसत निघून जाते. शिवारात जेव्हा असं घडतं, तेव्हा ते काटा वाचणाऱ्याच्या तोंडून घडतं, आणि तिला ते कळतं. ती बोलत नाही कारण उद्या परत त्याच शेतात यायचं असतं. मित्राची आई व्हिडिओ बघून का गप्प बसली असेल, याचा विचार करताना मला हाच काटा दिसत राहिला. तिच्या मजुरीत जे कधीतरी कमी झालं असेल, त्याचा दोष तुम्ही गंमत म्हणून तिच्याच पदरात टाकलात.

विनोदाच्या कारागिरीच्या दृष्टीनेही तो प्रसंग कच्चा आहे. तुम्ही चार वर्षं हे काम करता, म्हणून तुमच्याशी कारागिराशी बोलावं तसं बोलते. त्याच काट्यावर खरा विनोदी माणूस उभा आहे, आणि तो आहे शेतकरी. आकडा वाचताना ज्याचा चष्मा नेमका आठावर धूसर होतो. जो चादरीचं वजन रोज नव्याने ठरवतो. जो मुकादमासमोर धर्मराज असतो आणि मुकादम गेला की पायाच्या अंगठ्याने गाठोडं हळूच उचलून धरतो. हा माणूस तुमच्या गावात आहे, माझ्या माहेरीही होता. त्याच्यावर हसायला तुम्ही का कचरलात? कारण तो तुमचा काका आहे, तुमच्या दुकानाचं गिऱ्हाईक आहे, तुमचा प्रेक्षक आहे. पावरा बाई यातली कुणीच नव्हती, निदान तुम्हाला तसं वाटलं. आप्पांच्या बॅनरवर नारळ फोडणारी तीच तिघं मुलं पाच मिनिटांनी सोपं सावज शोधतात, याचं मला जास्त वाईट वाटलं.

"आमच्यावर पण हसतात" हे तुमचं म्हणणं खरं आहे, मी भोगलंय ते. मी धुळ्याकडची. पुण्यात शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात माझ्या तोंडून 'माले', 'तुले' निघालं की मुली म्हणायच्या, "परत म्हण ना." मी दोन महिने जेवताना बोलायचंच बंद केलं होतं. पण त्याच वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी काय केलं, तेही सांगते. आमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या एक मावशी होत्या, बोलताना अडखळायच्या. मी स्टेजवर त्यांची नक्कल केली. सभागृह डोक्यावर घेतलं मुलींनी. ज्या मुली माझ्यावर हसत होत्या, त्या पहिल्यांदा माझ्याबरोबर हसल्या. मावशी मागे, दाराशी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी पोळी लाटत ऐकून घेतलं. मग अडखळत म्हणाल्या, "हसले तेव्हा सगळे होते. माफीला तू एकटीच?" मी काही बोलू शकले नाही. पुढच्या आठवड्यात जेवायच्या वेळी, सगळ्या मुली ताटावर असताना, मी उभी राहिले आणि परत मागितली. पाय थरथरत होते. मावशींनी मान हलवली आणि पोळ्यांची चळत पुढे सरकवली, बस. त्यांनी माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही, ते विचारायचा हक्क माझा नव्हता.

तुमच्या प्रश्नातल्या 'आम्हालाही हसतात'चं मला हेच सांगायचं आहे. अहिराणीला हसतात म्हणून दुखतं कसं, हे तुम्हाला पुण्याच्या माणसापेक्षा जास्त माहीत आहे. लग्नात आपल्या बायका विहिणीला गाण्यातून काय काय ऐकवतात! पण पुढच्या गाण्यात विहीणही उत्तर देते, दोघी मांडवात समोरासमोर असतात. तुमच्या व्हिडिओत पावरा बाईची पाळी कधी येणार होती? आणि आपण त्याच मुलखातले, जिथली सगळ्यात मोठी कवयित्री, आसोद्याची बहिणाबाई, शाळेत गेली नव्हती. तिच्या ओव्या तिच्या मुलाने लिहून घेतल्या. अक्षर न आलेल्या, शेतात राबणाऱ्या बाईला अक्कल नसते असं खान्देशात तरी कुणी म्हणू नये.

उद्देश वाईट नव्हता, हे मी मानते. मावशींच्या वेळी माझाही नव्हता. पण उद्देश हा तुमच्या आतला मामला आहे. समोरच्या माणसाला तो दिसत नाही, त्याला व्हिडिओ दिसतो. म्हणून माफीत उद्देशाची गोष्ट शेवटी एका वाक्यात आली तर चालेल, सुरुवातीला येऊ नये.

कायद्याचं थोडं सांगते, कारण आप्पांची माणसं तेच दाखवून घाबरवतायत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. त्यात चारचौघांत दिसेल अशा ठिकाणी अनुसूचित जमातीच्या व्यक्तीचा, तिला हिणवण्याच्या हेतूने, जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे आणि अटकपूर्व जामिनाची वाट सहसा बंद असते. तुमच्या प्रसंगाला हा कायदा लागतो की नाही हे वकील सांगेल. तालुक्याच्या कोर्टातल्या एखाद्या फौजदारी वकिलाला व्हिडिओ दाखवा, माफीचा मजकूरही आधी त्यांच्या नजरेखालून घाला. तक्रार आधीच दाखल झाली असेल तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय काहीही रेकॉर्ड करू नका. पण हा कायदाच वाईट, असं म्हणून तुम्ही त्याच्यावर राग धरू नका. तो सातपुड्यातल्या माणसांनी सोसलेल्या गोष्टींमुळे आलेला आहे. आप्पांनी तो स्वतःच्या बॅनरसाठी वापरावा, हे त्या माणसांचंही नुकसान आहे.

आता माफी कुठे मागायची? दिल्लीत एक प्रकरण झालं ते ऐका. समय रैना आणि आणखी चार विनोदी कलाकारांच्या अपंगत्वावरच्या विनोदांविरुद्ध क्युअर एसएमए इंडिया फाउंडेशन ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. एसएमए हा स्नायू निकामी करत नेणारा दुर्मीळ आजार आहे, त्याची औषधं भयंकर महाग. २५ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने त्यांना आपापल्या यूट्यूब चॅनेलवर आणि कार्यक्रमांत माफी मागायला सांगितलं. कोर्टाने सांगितल्यावर मागितलेली माफी मला अर्धीच वाटते, विनोद कसा करावा हे न्यायालयांनी फार शिकवू नये असंही माझं मत आहे. पण जागा त्यांनी बरोबर निवडली. हसू जिथे पिकलं, तिथेच. मेसमधल्या मावशींनी मला तेच सांगितलं होतं.

पण तुमच्या बाबतीत चॅनेल ही दुसरी पायरी. पहिली पायरी मित्र आणि त्याची आई. त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्याविषयी एक शब्द कॅमेऱ्यासमोर बोलू नका. नाव नाही, गाव नाही, 'माझ्या मित्राच्या आईला वाईट वाटलं' एवढंही नाही. नाहीतर ज्या बाईला एकदा न विचारता विनोदात ओढलं, तिला न विचारता माफीतही ओढाल. २०१५ मध्ये एआयबी या विनोदी गटाच्या मुलांनी त्यांच्या गाजलेल्या रोस्टनंतर, म्हणजे स्टेजवर टर उडवण्याच्या कार्यक्रमानंतर, मुंबईच्या आर्चबिशपांना जाऊन भेटून ख्रिस्ती समाजाची बिनशर्त माफी मागितली होती. आरडाओरडा करणारे तेव्हाही बरेच होते. ज्यांना लागलं त्यांच्या दारात जाणं मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं.

मित्र म्हणाला "येऊ नको", तर जाऊ नका. आई भेटायला तयार असतील तर एकटे जा. मोबाईल खिशात ठेवा, बाहेर काढू नका, कुणाला शूटिंगला नेऊ नका. बसायला सांगितलं तर बसा. आधी त्यांना बोलू द्या, त्या बोलल्या नाहीत तर गप्प बसायची तयारी ठेवा. साडी, मिठाई, पैसे नेऊ नका.

मग व्हिडिओ. त्याचे शब्द मी सुचवते, तुम्ही ते तुमच्या अहिराणीत आणा, कारण विनोद अहिराणीत होता. आपल्या मराठीत दोन पळवाटा आहेत, त्या दोन्ही टाळा. एक आहे 'दिलगिरी'. पुढारी दिलगिरी व्यक्त करतात, म्हणजे झालं ते वाईट झालं, पाऊस पडला तसं. तुम्हाला सांगायचंय की मी केलं. त्याला आपल्याकडे दोन शब्द पुरतात : 'मनं चुकनं', माझं चुकलं. दुसरी पळवाट 'असतील तर' ही आहे. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" म्हणताना तुम्ही ऐकणाऱ्यावरच शंका घेता. तुम्हाला मेसेज आला आहे, भावना दुखावल्या आहेत, मग 'तर' कशाला?

साधारण असं : "आम्ही अमुक व्हिडिओत कापूस वेचणाऱ्या पावरा बाईला हिशेब न कळणारी दाखवलं, तिच्या बोलीची नक्कल केली. ते आमचं चुकलं. वेचणीला येणाऱ्या मायबहिणींचा त्यात अपमान झाला. त्यांची आणि पावरा समाजाची आम्ही माफी मागतो. तो भाग आम्ही काढला आहे. तो कुणाकडे असेल तर कृपया पुढे पाठवू नका. रस्त्याचा प्रसंग आम्ही ठेवला आहे, या माफीचा त्याच्याशी संबंध नाही." शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर रविवारी संध्याकाळी आप्पांची माणसं तुमची माफी स्वतःच्या नावावर फिरवतील. तिघंही समोर बसा, साडी नेसलेला मित्र मधे नको आणि कोपऱ्यातही नको. पार्श्वसंगीत नको, रडणं नको. त्या व्हिडिओवरच्या जाहिराती बंद करा. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओतला तुकडा नंतर कापायची सोय आहे, ती वापरा, म्हणजे रस्त्याचा प्रसंग जागेवर राहील. खाली शिव्या येतील, दोन्ही बाजूंनी. पावरा समाजातून रागाची उत्तरं आली तर ती पुसू नका. पावरा समाजाला शिव्या देणारे तुमचे 'चाहते' आले तर त्यांच्या ओळी मात्र लगेच काढा. हे काम दोन-तीन दिवस जागून करावं लागेल, आणि माफीचा तो भागच आहे.

चॅनेल संपेल ही मित्रांची भीती मला खरी वाटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुनव्वर फारुकी या विनोदी कलाकाराने कोकणी माणसांवरच्या विधानाबद्दल माफी मागितली, आणि त्याचे कार्यक्रम त्यानंतरही चालूच राहिले. हाच मुनव्वर जानेवारी २०२१ मध्ये इंदूरमध्ये न केलेल्या विनोदासाठी अटक होऊन महिनाभराहून अधिक तुरुंगात होता. एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी होऊ शकतात : एक जुलूम, ज्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, आणि एक चूक, जी त्याने कबूल केली. तुमच्या तर एकाच व्हिडिओत दोन्ही आलंय. प्रेक्षकांना हा फरक कळत नाही असं समजू नका. थोडे लोक जातील. "पहिल्यासारखं धाडस राहिलं नाही" असंही म्हणतील. आप्पांचा बॅनर चॅनेलवर तसाच दिसत असेल, तेवढं त्यांना उत्तर पुरे.

हे पत्र मी छापायला निवडलं ते शाळेच्या स्नेहसंमेलनांचे सूत्रसंचालक, हळदीत माइक हातात घेणारे, व्हॉट्सॲप ग्रुपचे विनोदवीर यांच्यासाठीही. त्यांच्यापैकी कुणाला अशी वेळ आली तर आधी एवढंच शोधा, की राग कुणाला आलाय आणि लागलंय कुणाला. बऱ्याचदा ही दोन वेगळी माणसं निघतात. ज्याला लागलंय तो बहुतेक तुमच्या दारात येत नाही, ग्रुप सोडून जातो.

आणखी एक. वर सांगितलेल्या सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कलाकारांना महिन्यातून दोनदा तरी अपंग व्यक्तींना बोलावून कार्यक्रम करायला, त्यातून उपचारांसाठी निधी उभा करायला सांगितलं गेलं. तुम्हाला कुणी सांगणार नाही, पण काट्याचा तो प्रसंग उलटा करून पुन्हा करायचं मनात ठेवा. लगेच नको, माफीच्या पाठोपाठ आला तर तो सौदा वाटेल. एखाद्या हंगामानंतर. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी, भिलीत बोलणारी, चांगली नक्कल करणारी मुलं-मुली आहेत. त्यांच्यापैकी कुणाला शेतकऱ्याची भूमिका द्या, लिहायला बरोबर घ्या, पैसे इतरांइतकेच द्या. त्यांच्या नजरेतून आपण कसे दिसतो, ते तापीकाठच्या लोकांनी एकदा बघावं. मला खात्री आहे, तुमच्या पहिल्या प्रसंगापेक्षा ते जास्त हसवेल.

रविवारची मुदत मोजत बसू नका, माफी त्या आधी झाली काय आणि नंतर झाली काय. मित्राला आज मेसेज करू नका, फोन करा. सध्या वेचणीचे दिवस आहेत, दिवसभर आईच्या जवळ कुणी नसेल. संध्याकाळी काटा होऊन त्या मुक्कामाला परतल्या, की मग करा.